नोकरी करता करता एमबीए: हिशेब कसा मांडायचा?

पगार वाढतोय, पण हुद्दा हलत नाही. बीई होऊन सात वर्षं झाली, हाताखाली बारा माणसं आहेत, मशीन बिघडली की नुसत्या आवाजावरून कळतं. आणि तरी काल आलेला पंचविशीतला मॅनेजमेंट ट्रेनी दोन वर्षांत आपला साहेब होणार, हे दिसतंय. चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत ही तक्रार ऐकू येते आणि तिच्यावरचा उपायही त्याच टेबलावर सुचवला जातो. "करून टाक की एमबीए. घराजवळच कॉलेज आहे, शनिवार-रविवार लेक्चर, नोकरी सोडायला नको."

सल्ला वाईट नाही. फक्त तो देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने 'कशासाठी?' एवढं विचारलेलं नसतं. घराजवळच्या अर्धवेळ एमबीएबद्दल माझं मत असं की, या पदवीची किंमत तुमच्या कामाच्या जागेपासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ठरते. तेवढ्या टापूत ती मागणारं कुणी असेल, तुमच्याच कंपनीचं बढतीचं धोरण असेल, शेजारच्या कंपनीच्या जाहिरातीतली अट असेल किंवा घरच्या धंद्यातली खरीखुरी गरज असेल, तर ती स्वस्तात पडते. मागणारं कुणीच नसेल तर सवलतीच्या फीतही महाग पडते. कॉलेजची इमारत, रँकिंग, माहितीपुस्तिकेतले कोट-टायवाले फोटो हे सगळं त्यानंतर.

याचं उत्तम उदाहरण मुंबईत आहे. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था सुरू केली. तिथे आणि शहरातल्या इतर काही संस्थांत नोकरदारांसाठी तीन वर्षांचे संध्याकाळचे अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालत आले: मार्केटिंगसाठी एमएमएम, फायनान्ससाठी एमएफएम, मनुष्यबळासाठी एमएचआरडीएम. या पदव्यांच्या नावात 'एमबीए' ही अक्षरंच नाहीत. पण फोर्ट, परळ, अंधेरीतल्या बँका, विमा कंपन्या आणि औषध कंपन्यांत एमएमएम म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलाखत घेणाराच बऱ्याचदा तिथून शिकलेला असतो. तोच माणूस बंगळुरूला गेला की त्याला बायोडेटात कंस टाकून खुलासा करावा लागतो. पदवी तीच, मेहनत तीच. फक्त ओळखणारी माणसं मागे राहिली. पुण्यात आयएमडीआरसारखी संस्था १९७४ पासून आहे, आणि पुणे विद्यापीठाचा डीबीएम हा पदविका अभ्यासक्रम एके काळी निम्म्या भोसरीने केलेला होता असं म्हटलं तर ती फार मोठी अतिशयोक्ती ठरू नये. त्या डीबीएमवर कित्येक सुपरवायझर ऑफिसर झाले. पुण्याबाहेर तो किती जणांना माहीत होता?

म्हणून पहिलं काम कॉलेजची चौकशी नाही, आपल्याच कंपनीची चौकशी. एचआरकडे बढतीचं लेखी धोरण मागावं. अमुक ग्रेडच्या वर जायला पदव्युत्तर पदवी लागते, असं त्यात असेल तर अर्धवेळ चालते का, ऑनलाइन चालते का, कंपनी फी परत देते का आणि दिली तर किती वर्षांचा बाँड लिहून घेते, हे तिथेच विचारावं. धोरण लेखी नसेल, आणि बऱ्याच मध्यम कंपन्यांत ते नसतंच, तर गेल्या चार-पाच वर्षांत मॅनेजर झालेल्यांची नावं आठवावीत. त्यांतले किती आतून वर आले, किती बाहेरून आणले, आणि आतून आलेल्यांपैकी किती जणांनी मधल्या काळात एमबीए केलं होतं? पाच-सहा नावं निघतील, पण त्यांतून जे कळेल ते कुठल्याही शिक्षण मेळाव्यात कळणार नाही. कधी कधी असं दिसतं की वर गेलेल्यांत समान गोष्ट एमबीए नसून, तळेगावचा नवा प्लांट उभा करताना ते तिथे जायला तयार झाले, ही असते.

आता पैशाचं. फीचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण फी हा खर्चाचा दिसणारा भाग. एक काल्पनिक, पण ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. हातात महिना ५५,००० रुपये. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एकूण फी ३,२०,०००. पेट्रोल, बाहेरचं खाणं, पुस्तकं, प्रोजेक्टची छपाई-बाइंडिंग मिळून महिना अडीच हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे ७५,०००. रोख खर्च झाला ३,९५,०००. आता वेळ. आठवड्याला बारा तास वर्ग, चार तास जाणं-येणं, चार तास अभ्यास आणि असाइनमेंट, असे वीस तास, वर्षाचे चाळीस आठवडे, तीन वर्षं. हे होतात २,४०० तास. महिन्याला दोनशे तास काम धरलं तर आपला एक तास २७५ रुपयांना पडतो. मोकळ्या वेळाला पूर्ण भाव देणं अन्यायाचं वाटत असेल तर निम्मा द्या. तरी ३,३०,००० होतात. म्हणजे खरी किंमत सव्वासात लाखांच्या घरात.

हे पैसे पदवी मिळाल्यानंतर पाच वर्षांत भरून यावेत अशी अपेक्षा ठेवली, व्याज वगैरे सोडून दिलं, तर फक्त रोख खर्चासाठी महिन्याला सुमारे ६,६०० आणि वेळ धरला तर सुमारे १२,१०० रुपये जास्त हातात यायला हवेत. जास्त म्हणजे कशापेक्षा? सगळी गफलत इथेच होते. लोक आजच्या पगाराशी तुलना करतात. पण काहीच न करता, वर्षाला ८ टक्के वाढ मिळत गेली तरी ५५,००० चे तीन वर्षांत ६९,३०० होणारच होते. एमबीए संपताना पगार ७०,००० झाला म्हणून पेढे वाटणाऱ्याला एमबीएने जेमतेम सातशे रुपये दिले. हिशेब जमायचा असेल तर पगार ७६,००० च्या पुढे, आणि वेळही मोजायचा तर ८१,००० च्या पुढे जायला हवा. तेवढी उडी याच पदावर बसून सहसा मिळत नाही. हुद्दा बदलावा लागतो किंवा कंपनी बदलावी लागते. आणि कंपनी बदलूनच ती मिळणार असेल, तर एमबीएशिवाय नुसती कंपनी बदलली तर किती मिळेल, हेही आधी बाजारात विचारून बघायला हवं. दोन मुलाखती देऊन येण्याला फी लागत नाही.

शेजारचा मुलगा अहमदाबादच्या आयआयएममधून बाहेर पडला आणि त्याला अमुक लाखांचं पॅकेज मिळालं, ही तुलना मात्र मनातून काढून टाकावी. तिथली दोन वर्षांची फी आता पंचवीस लाखांच्या पुढे जाते, शिवाय आपल्या उदाहरणातल्या माणसाला दोन वर्षांचा १३,२०,००० पगार सोडावा लागेल. पण मुद्दा नुसत्या पैशाचा नाही. पूर्णवेळ अभ्यासक्रमात दोन गोष्टी मिळतात: पहिल्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप आणि शेवटी कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या. उत्पादनातला माणूस मार्केटिंगमध्ये जातो तो या दोन पायऱ्यांवरून. अर्धवेळ वर्गाला बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नसतं. प्लेसमेंटचं ऑफिस सकाळच्या मुलांसाठी असतं, संध्याकाळच्यांना 'तुम्हाला तर नोकरी आहेच' असं सांगितलं जातं. त्यामुळे ज्याला क्षेत्रच बदलायचं आहे त्याच्यासाठी हा रस्ता अवघड. ज्याला आपल्याच क्षेत्रात एक-दोन पायऱ्या वर जायचं आहे, त्याच्यासाठी सोयीचा.

या विषयावर विद्वानांनी बरंच लिहून ठेवलंय, आणि त्यांचं एकमत नाही, हे उलट बरंच आहे. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलं की पदवी हा एक इशारा असतो. मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही. कष्टाची पदवी मिळवून उमेदवार ती दाखवून देतो, मग वर्गात काही शिकवलं असो वा नसो. या कामासाठी त्यांना २००१ साली जॉर्ज अॅकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. आता हा विचार आपल्या प्रश्नाला लावून पाहा. सात वर्षं ज्या साहेबाच्या हाताखाली काम केलं, त्याला तुमची कुवत आधीच ठाऊक आहे, चांगली किंवा वाईट. त्याच्यासाठी इशाऱ्याची गरज कमी. इशारा लागतो तो अनोळखी माणसाला. पण अनोळखी माणूस जितका दूरचा, तितकं आपल्या कॉलेजचं नाव त्याला अपरिचित. घराजवळच्या पदवीची ही कोंडी आहे, आणि ती सुटते फक्त मधल्या माणसांपाशी: त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपन्या, आपल्याच कंपनीचा दुसरा प्लांट, मुख्य कार्यालयातलं एचआर.

स्टॅनफर्डचे जेफ्री फेफर आणि त्यांच्या सहलेखिका क्रिस्टिना फाँग यांनी २००२ साली उपलब्ध अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला की, अगदी वरच्या श्रेणीतल्या संस्था सोडल्या तर एमबीएमुळे करिअर किंवा पगार सुधारतो याचा पुरावा फारसा सापडत नाही. बिझनेस स्कूलमध्येच शिकवणाऱ्याने हे लिहावं, याने तेव्हा बरीच खळबळ उडाली. त्यांचा पुरावा मुख्यतः अमेरिकेतला होता, हे लक्षात ठेवूनही तो हलक्यात घेण्यासारखा नाही.

मला मात्र हेन्री मिंट्झबर्ग जास्त पटतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या या प्राध्यापकांनी २००४ च्या पुस्तकात तक्रार केली की एमबीए चुकीच्या माणसांना शिकवलं जातं. ज्यांनी कधी चार माणसांकडून काम करून घेतलेलं नाही, अशा पोरांना व्यवस्थापन शिकवणं त्यांना निरर्थक वाटतं. काम करणाऱ्याला, त्याच्याच अनुभवावर बोलतं करत शिकवावं असा त्यांचा आग्रह. त्या विचारातून १९९६ साली त्यांनी काही देशांतल्या संस्थांना जोडून नोकरदार व्यवस्थापकांसाठी एक अभ्यासक्रम काढला, त्यात बंगळुरूचं आयआयएमही होतं. मिंट्झबर्ग यांचं म्हणणं खरं मानलं तर ज्याला आपण 'फक्त पार्ट-टाइम' म्हणून हिणवतो तो वर्गच शिकायला योग्य. तिथला प्रत्येक जण दिवसभर तेच भोगून आलेला असतो.

एक साधं उदाहरण घेतो, कारण 'तिथं शिकवतात काय' हे सांगितल्याशिवाय किंमत ठरवणं पोकळ वाटतं. एका वर्कशॉपमध्ये एक पार्ट बनतो. माल, वीज, जॉबवर्क असा थेट खर्च नगाला ६२ रुपये. भाडं, पगार, कर्जाचा हप्ता यांचा वाटा ३८ रुपये. एकूण १००, विक्री ११५ ला. एक नवा ग्राहक ८५ रुपयांनी १०,००० नग मागतो. सुपरवायझर हिशेब करतो: नगामागे पंधरा रुपये तोटा, नको. व्यवस्थापकीय लेखांकनाच्या वर्गात सुरुवातीच्या काही महिन्यांतच हा प्रश्न येतो आणि उत्तर उलटं निघतं. दुसरी पाळी रिकामी असेल तर भाडं आणि हप्ता ही ऑर्डर घेतली काय आणि नाही काय, जाणारच आहे. ८५ मधून ६२ वजा जाता नगाला २३ रुपये, म्हणजे २,३०,००० रुपये त्या स्थिर खर्चाच्या दिशेने येतात. ऑर्डर घ्यावी. पण लगेच कुणीतरी मागच्या बाकावरून विचारतो, "सर, जुन्या पार्टीला हा भाव कळला तर?" आणि दुसरा म्हणतो, "दुसऱ्या पाळीला ओव्हरटाइम द्यावा लागला तर ६२ राहतील का?" पुस्तकातला प्रश्न तिथून पुढे खरा होतो. पूर्णवेळच्या बावीस वर्षांच्या मुलांत हे दोन प्रश्न निघायला कठीण; फाउंड्रीतला, बँकेतला आणि औषधांचा एमआर एका वर्गात बसले की आपोआप निघतात.

अर्थात, हा धडा पन्नास पानांत आणि चार रविवारांत स्वतःलाही शिकता येतो. स्वतःहून किती जण शिकतात, हा प्रश्न वेगळा. माझ्या पाहण्यात अर्धवेळ एमबीएचा सगळ्यात टिकाऊ फायदा ताळेबंद वाचता येणं नाही. मराठी माध्यमातून आलेला, कामात वाघ पण मीटिंगमध्ये गप्प बसणारा माणूस दर पंधरा दिवसांनी चाळीस जणांसमोर इंग्रजीत प्रेझेंटेशन देऊन देऊन भीड मोडून घेतो, तो आहे. पदवीचा उपयोग होवो न होवो, ही मोडलेली भीड परत जात नाही. पण एवढ्यासाठीच सव्वासात लाख घालणार असाल तर स्वस्त उपायही आहेत, हेही खरं.

काही ठिकाणी तर एमबीए ही सरळसरळ चुकीची पदवी असते. सरकारी बँकेत असाल तर आधी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा बघा. संस्था १९२८ पासूनची, फी एमबीएच्या तुलनेत किरकोळ, आणि पास झालं की वेतनवाढ मिळते. एचआरमध्ये जाऊन कारखान्यात कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर गोष्ट कायद्याची आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात हे पद सक्तीचं केलं आणि त्यासाठी कोणती पदवी-पदविका चालेल ते ठरवणं राज्याच्या नियमांवर सोपवलं. एचआरमधलं कुठलंही एमबीए तिथे चालेलच असं नाही. नव्या श्रमसंहितांनी हे सगळं बदलत असताना ताजा नियम वाचल्याशिवाय प्रवेश घेणं म्हणजे जुगार. सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाची परवानगी आधी घ्या, नंतर नाही.

घरचा धंदा असलेल्यांचं गणित पुन्हा निराळं. कोल्हापूर-इचलकरंजीतल्या फाउंड्री किंवा यंत्रमागवाल्याच्या मुलाला बढती द्यायला कुणी एचआर नाही, पगारवाढीचा प्रश्नच नाही. त्याला वर्गातली माणसंच उपयोगी पडतात: कर्ज विभागातला बँक अधिकारी, जीएसटीतला जाणकार, मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यातला कुणी. अशांना दूरच्या नामांकित कॉलेजपेक्षा गावातलंच कॉलेज खरोखर जास्त उपयोगी, आणि ऑनलाइन तर फारच कमी.

ऑनलाइनचा विषय निघालाच आहे तर: विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थांची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून. जिथे फक्त 'पदव्युत्तर पदवी असावी' एवढीच अट आहे तिथे हा मार्ग सगळ्यात कमी खर्चाचा, आणि त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. सावध राहायचं ते मोठ्या नावाच्या संस्थेचा शिक्का असलेल्या 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम'पासून. फीपुढे 'अधिक १८ टक्के जीएसटी' लिहिलेलं दिसलं की थांबून विचारावं: शेवटी हातात पदवी येणार, पदविका येणार की प्रमाणपत्र? प्रमाणपत्र वाईट नसतं, पण बढतीची अट पदवीची असेल तर ते चालत नाही. विद्यापीठ देतं ते एमबीए. स्वायत्त संस्था देतात ती पीजीडीएम, आणि तिला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावं. कॉलेजच्या भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर जाऊ नये.

कॉलेज निवडताना संध्याकाळी सात वाजता, न सांगता, तिथे जाऊन उभं राहावं. किती दिवे लागलेत, वर्गात किती डोकी आहेत, शिकवणारा कंपनीतून धावत आलेला व्हिजिटिंग आहे की सकाळपासून चार लेक्चर घेऊन थकलेला, की आलेलाच नाही. सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या दोघांना गाठलं की उरलेलं सगळं कळतं: हजेरी खरी घेतात का, प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतः लिहावा लागतो की समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो. तो तयार मिळत असेल तर तुमच्या शहरातल्या एचआरवाल्यांनाही ते माहीत आहे.

घरच्यांचा वाटा या हिशेबात बहुतेक जण धरत नाहीत. सेमिस्टरच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येतात, सबमिशन गणपतीत. तीन वर्षं रविवार घरात नसलेल्या माणसाचं काम दुसरं कुणीतरी करत असतं. बाई शिकत असेल तर बऱ्याच घरांत तेही होत नाही. ती आपलं काम आपणच रात्री अकरानंतर करते. माझ्या मते लहान मूल असताना ज्या घरात या २,४०० तासांची वाटणी आधी बोलून ठरलेली नाही, तिथे वर्षभर थांबावं.

कर्ज काढत असाल तर एवढंच: उच्च शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट, ज्याला सगळे 'एटी-ई' म्हणतात, ती आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत असणाऱ्याने ती हिशेबात धरू नये. शक्यतो अर्धवेळ अभ्यासक्रमासाठी कर्ज काढूच नये. पगार चालू आहे आणि फी वर्षावर्षाला भरायची असते. ती तशी भरायची असते याचा आणखी एक उपयोग आहे. पहिलं वर्ष संपल्यावर कंपनी विकली गेलेली असू शकते, धोरण बदललेलं असू शकतं, किंवा ज्या पदासाठी हा खटाटोप चालला होता ते रद्द झालेलं असू शकतं. त्या वेळी पुन्हा तोच प्रश्न विचारावा, की या टापूत ही पदवी मागणारं अजून कुणी आहे का; भरलेली फी त्यात मोजू नये. बदलीची नोकरी असेल तर मध्येच सोडावं लागल्यास केलेल्या वर्षाचे क्रेडिट किती काळ टिकतात आणि दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात चालतात का, हे प्रवेश घेतानाच कॉलेजकडून लेखी घ्यावं. तोंडी सगळेच हो म्हणतात.